पाचशेची भीती इंजिनाची नव्हती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या टू-स्ट्रोक डर्ट बाइक आणि आजच्या फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस (मातीच्या खडबडीत ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) बाइक यांची तुलना करणारा लेख वाचला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून दोनदा वाचला. त्यातली दोन विधाने मला खटकली. पहिले असे की ५०० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या माणसाच्या जिवावर उठलेल्या होत्या, कारण त्यांच्या इंजिनाची ताकद कुणालाच आवरत नव्हती. दुसरे असे की फोर-स्ट्रोक आल्या आणि त्यांनी पाचशेंना मैदानातून हुसकून लावले. पहिले विधान अर्धेच खरे आहे. दुसरे तर तारखा पडताळल्या की टिकत नाही.

मी व्यवसायाने फिटर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटची एक पाचशे टू-स्ट्रोक माझ्याकडे चोवीस वर्षे आहे आणि एक फोर-स्ट्रोक साडेचारशे नऊ वर्षे. दोन्ही मी स्वतः चालवतो, दोन्हींची इंजिने स्वतः उघडतो. त्या अनुभवावर हे पत्र लिहितो आहे.

आधी तारखांचे बोलतो. अमेरिकेतली राष्ट्रीय ५०० सीसी स्पर्धा १९९३ च्या मोसमानंतर बंद झाली. शेवटचा विजेता माइक लारॉको, तोही कावासाकीच्या टू-स्ट्रोकवर. डग हेन्रीने यामाहाच्या वायझेडएम ४००एफ या फोर-स्ट्रोकवर लास वेगासची सुपरक्रॉस (स्टेडियममध्ये भरणारी मोटोक्रॉस) जिंकली ती १९९७ मध्ये, आणि तिच्यावरून बेतलेली वायझेड ४००एफ बाजारात आली १९९८ साली. म्हणजे जी गाडी अजून जन्मालाच आली नव्हती, तिने चार वर्षे आधी पाचशेला हरवले असे म्हणावे लागेल. शिवाय हेन्रीची गाडी धावली ती २५० सीसी टू-स्ट्रोकच्या विरोधात. नियमाने ४०० सीसीला २५० सीसीच्या शेजारी उभे राहू दिले होते, हे लेखात कुठेच आलेले नाही. पाचशे त्या वेळी त्या रांगेत नव्हतीच.

युरोपात चित्र वेगळे होते, तेही सांगायला हवे. जागतिक ५०० सीसी स्पर्धेत १९९३ साली जॅकी मार्टेन्सने हुस्कवर्नाच्या फोर-स्ट्रोकवर विजेतेपद घेतले. १९९५ मध्ये योएल स्मेट्सने हुसाबर्गवर. मधल्या १९९४ मध्ये मार्कस हॅन्सन होंडाच्या टू-स्ट्रोकवर जिंकला आणि १९९६ मध्ये न्यूझीलंडचा शेन किंग केटीएमच्या ३६० सीसी टू-स्ट्रोकवर. त्यानंतर मात्र त्या गटात टू-स्ट्रोकला विजेतेपद मिळाले नाही. तिथे खरी झुंज झाली आणि फोर-स्ट्रोकने ती जिंकली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. १९६५ सालचा जेफ स्मिथ बीएसएच्या फोर-स्ट्रोकवरच जगज्जेता झाला होता. पुढच्याच वर्षी पॉल फ्रेडरिक्सने सीझेडच्या टू-स्ट्रोकवर ती गादी घेतली आणि मग रॉजर डी कॉस्टर सुझुकीवर पाच वेळा जिंकला. ही पारडी आधीही वरखाली झालेली आहेत.

आता पहिल्या विधानाकडे येतो, कारण माझे खरे म्हणणे तिथे आहे.

पाचशे टू-स्ट्रोकचे इंजिन मुळात कसे आहे ते बघा. होंडाच्या सीआर ५००आर चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७९, म्हणजे ४९१ सीसी. कावासाकी केएक्स ५०० चे दोन्ही ८६. आजच्या होंडा सीआरएफ ४५०आर चा बोअर ९६ आणि स्ट्रोक फक्त ६२.१. रुंद आणि आखूड, म्हणजे जास्त आरपीएमला पळायला बनवलेले इंजिन. साडेचारशे ११ हजार आरपीएमपर्यंत ओरडत जाते. पाचशेचे काम ६ हजारांच्या आसपास संपते. पण टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. म्हणून ६ हजारांवर पाचशेचे मिनिटाला ६ हजार स्फोट होतात आणि ११ हजारांवर साडेचारशेचे साडेपाच हजार. इतक्या खालच्या आरपीएमला इतकी ओढ कुठून येते, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

आणि ही ओढ लेखात लिहिली आहे तशी अंगावर येत नाही. अंगावर येते ती १२५ किंवा २५० टू-स्ट्रोक. खाली काहीच नाही आणि मग एका ठिकाणी एकदम फुटते. पाचशे खालूनच ओढते, एखाद्या ट्रॅक्टरसारखी. मी अख्खा ट्रॅक तिसऱ्या गिअरमध्ये काढतो, वळणात क्लचला बोटही लावत नाही. जो नवखा माणूस तिला २५० सारखी दुसऱ्यात टाकून अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळतो, तो पडतो. एक गिअर वर ठेवून मूठ इंचभर फिरवणारा पडत नाही. मला हे कळायला दोन वर्षे लागली, पण एकदा कळल्यावर त्या इंजिनाइतके समजूतदार इंजिन मी दुसरे पाहिले नाही.

मग भीती कशाची होती? ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गाड्यांना मागे ड्रम ब्रेकच होते. पुढचे फोर्क जोरात उतरलो की अक्षरशः वाकायचे. फ्रेम लोखंडी नळ्यांची. वळणाआधी सगळे ब्रेक मारून मारून जमिनीला ज्या लाटा पडतात, त्यांवर माझ्या गाडीचे मागचे चाक एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे उडते. हँडल हातात थरथरते. इंजिनात बॅलन्सर (कंप कमी करणारे वजन) नाही, त्यामुळे दहा मिनिटांत बोटे बधिर होतात आणि बधिर बोटांनी ब्रेकचा अंदाज येत नाही. माझे दोन मोठे अपघात झाले, दोन्ही ब्रेक मारताना. मूठ पिळताना एकही नाही.

हे माझे नुसते मत राहिले असते, पण चार वर्षांपूर्वी माझ्या मित्राने एक उद्योग केला. पाचशे टू-स्ट्रोकचे इंजिन त्याने एका अलीकडच्या फोर-स्ट्रोकच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेममध्ये बसवले. जगात अनेकांनी हे केलेले आहे, कारण होंडाने सीआर ५०० अगदी २००१ पर्यंत बनवली तरी तिला अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम कधीच दिली नाही. सीआर २५० ला मात्र ती १९९७ मध्येच मिळाली होती. आम्हाला पाच महिने लागले. फ्रेमचा खालचा भाग कापला, इंजिनच्या माउंटिंगच्या पट्ट्या नव्याने कातून घेतल्या, एक्झॉस्टचा फुगा (पाइपचा फुगीर भाग) रेडिएटर आणि फ्रेममधून जाईना म्हणून तो तीन ठिकाणी कापून पुन्हा वेल्ड केला.

मग एका सकाळी आम्ही तिन्ही गाड्या एकाच ट्रॅकवर नेल्या. चालवणारा मी एकटा, स्टॉपवॉच मित्राच्या हातात. प्रत्येक गाडीवर सहा फेऱ्या मारल्या आणि त्यातली सर्वात चांगली धरली. जुन्या पाचशेवर २ मिनिटे १४ सेकंद. साडेचारशेवर २ मिनिटे ७. आणि नव्या फ्रेममधल्या त्या जुन्या इंजिनावर २ मिनिटे ९. एका माणसाची एका दिवसाची ही वेळ आहे, प्रयोगशाळेतली नव्हे. तरी सातपैकी पाच सेकंद फ्रेम, शॉकअप आणि ब्रेक यांनी खाल्लेली निघाली. इंजिनाच्या वाट्याला दोन उरली.

त्या दिवशी लाटांवरून जाताना चाक जमिनीला चिकटून राहिले. मी वळणात शिरलो आणि मूठ पिळली, तेव्हा तीच ओळखीची ओढ आली, फक्त या वेळी गाडी जिथे बघत होतो तिकडे गेली. हेल्मेटमध्ये मी मोठ्याने ओरडलो. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. कंप मात्र तितकाच होता. उलट अ‍ॅल्युमिनियममुळे थोडा जास्तच जाणवला.

उरलेली दोन सेकंदे फोर-स्ट्रोकची स्वतःची आहेत आणि ती तिने कमावलेली आहेत. मूठ सोडली की तिचे इंजिन गाडीला मागे धरते, पाचशे मात्र सुटल्यासारखी पुढे जाते. दोन स्फोटांमध्ये अंतर जास्त असल्याने मागच्या टायरला जमीन पकडायला सवड मिळते. ओल्या, गुळगुळीत मातीत हा फरक लगेच कळतो. आणि बटण दाबले की सुरू. पाचशेला किक मारणे हा एक विधी आहे. किक हळू दाबत जायची, एका जागी पाय अडतो, तिथे पिस्टन वर आलेला असतो. तो केसभर पुढे सरकवायचा, किक पुन्हा वर घ्यायची, मूठ बंद ठेवायची आणि सगळे वजन टाकून शेवटपर्यंत मारायची. मध्ये कच खाल्ली की ती उलटी बसते. एकदा घाईत साध्या बुटांवर मारली आणि घोटा तीन आठवडे भोपळ्यासारखा होता. त्या दिवसापासून मी जाड तळाचे बूट घातल्याशिवाय तिच्या किकला पाय लावत नाही.

पण लेखात मालकाच्या हातांबद्दल एक ओळही नाही, याचे मला जास्त वाईट वाटले. पाचशेचा पिस्टन बदलायचा तर पाणी काढा, टाकी आणि एक्झॉस्ट उतरवा, हेडचे नट सोडा, सिलिंडर वर ओढा. सर्क्लिप (पिन धरून ठेवणारी तारेची कडी) काढून पिन बाहेर, नवा पिस्टन आत. रिंगेच्या टोकांमधली फट मोजा, पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आहे ना ते बघा, सर्क्लिप केसमध्ये पडू नये म्हणून खाली स्वच्छ फडके कोंबा. सकाळी हात घातला तर दुपारच्या आत गाडी सुरू. मी माझ्या मुलीला हे ती चौदा वर्षांची असताना शिकवले आणि तिने दुसऱ्या वेळी मला हात लावू दिला नाही.

फोर-स्ट्रोकमध्ये टायमिंग चेन आहे, कॅम आहे, टायटॅनियमचे व्हॉल्व्ह आहेत. त्या व्हॉल्व्हवरचा कठीण थर झिजला की व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो आणि साधारण ०.१५ मिलिमीटरची फट गायब होते. माझ्या साडेचारशेला असेच झाले. गरम असताना सुरू होईना. मी आठवडाभर प्लग आणि पेट्रोल यांच्यामागे लागलो आणि शेवटी फीलर गेज (फट मोजायची पट्टी) आत जाईना तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शिम (फट जुळवणारी चकती) बदलली, पण त्यावर पाच-सहा तासच निघाले. व्हॉल्व्ह, सीट, सगळे करावे लागले. आणि वेळेवर पिस्टन बदलला नाही तर ११ हजारांवर जे तुटते ते एकटे तुटत नाही, हेड आणि क्रँक सोबत घेऊन जाते. ज्याला स्वतःच्या गाडीचे काम स्वतः करायचे आहे, त्याच्यासाठी हा फरक अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

धुराबद्दल लेखक म्हणतात ते बरोबर आहे. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टच्या वाटेने थेट बाहेर जाते, वर ३२ भागांना १ भाग ऑइल. आठ लिटरला पाव लिटर. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण तिथेही काम थांबलेले नाही. केटीएमने २०२३ च्या ३०० एसएक्समध्ये फ्युएल इंजेक्शन आणि सेल्फ स्टार्ट दोन्ही दिले. यामाहा वायझेड २५० अजूनही कार्बोरेटर आणि किकवर बनवते. फोर-स्ट्रोकशी तुलना करायचीच तर या गाड्या शेजारी उभ्या करा. फ्रेम आजची, ब्रेक आजचे, फरक फक्त इंजिनाचा. तीस वर्षांपूर्वीच्या शॉकअपवरची गाडी आजच्या गाडीसमोर आणून इंजिनाला दोष दिला, तर ज्यांनी ती इंजिने बनवली त्यांच्यावर अन्याय होतो.

आपल्या लेखकाने पुढचा लेख लिहायचा ठरवला तर माझ्या तिन्ही गाड्यांच्या फेऱ्यांची वही मी पाठवायला तयार आहे. मित्राची परवानगी घेतलेली आहे. तोवर १९९३ आणि १९९८ या दोन तारखांची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक