जबडा दुखतो म्हणून दाढ काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चाळिशी-पन्नाशीत कानापुढे दुखायला लागले की आपल्याकडचा रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो. कान स्वच्छ निघतो. मग संशय दातांवर येतो. एका दाढेचे रूट कॅनॉल होते, दुखणे थांबत नाही, तेव्हा शेजारची दाढ नजरेत भरते. शेवटी मेंदूचा एमआरआय होतो आणि तोही नॉर्मल येतो. एवढ्या फेऱ्यांत जबड्याच्या सांध्यावर बोट ठेवून ‘तोंड उघडा’ असे म्हणणारे कमीच भेटतात. सांगली-मिरजेत दवाखान्यांची वाण नाही, कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात. तरी ही तपासणी मागे पडते, आणि तिला लागते काय, तर दोन बोटे, एक पट्टी आणि पंधरा मिनिटे! ती कशी करतात आणि उपचारात कुठे थांबायचे, हे रुग्णांना स्वतःला माहीत असावे म्हणून हे पत्र.

सांधा कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे असतो. तिथे बोट ठेवून तोंड उघडले-मिटले की हाडाचे टोक पुढे सरकताना जाणवते. दोन हाडांच्या मध्ये एक लवचिक चकती असते. ती पुढे निसटलेली असेल तर तोंड उघडताना ‘कट्’ आवाज होऊन जागेवर येते आणि मिटताना पुन्हा निसटते. नुसता आवाज आहे, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडते, तर काहीही करावे लागत नाही. कसलाच त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तरी साधारण तिसऱ्या हिश्श्यात चकती सरकलेली दिसते. म्हणून नुसत्या रिपोर्टवर उपचार ठरवू नयेत. मध्यम वयात सांधा झिजला की आवाज बदलतो, वाळूत पाय घासल्यासारखी करकर ऐकू येते. झीज उलटत नाही, पण दुखणे बहुतेकांचे काही महिन्यांत निवते.

धोक्याची खूण वेगळीच आहे. वर्षानुवर्षे होणारा आवाज एक दिवस बंद होतो आणि त्याच दिवसापासून तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. आवाज गेला म्हणून रुग्णाला बरे वाटते, पण चकती पुढे अडकून बसलेली असते. हे दुखणे महिनोन्महिने अंगावर काढू नये. आधी व्यायाम आणि फिजिओथेरपी करतात. तेवढ्याने भागले नाही तर जागा बधिर करून सांध्यात दोन सुया घालतात आणि सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट या तशाच क्षारयुक्त द्रावणाने सांधा धुतात. त्याला कापाकापी लागत नाही.

तोंड किती उघडते हे घरी मोजता येते. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधले अंतर पट्टीने घ्यावे. शाळेच्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी कोरी कड असते, ती मापात धरली की आकडा चुकतो. मोठ्या माणसाचे तोंड ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडते, म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी रचून आत जातात. ३५ च्या खाली आकडा आला तर दाखवावे. आरशात हनुवटीकडेही पाहावे. ती एका बाजूला जाऊन ‘कट्’ आवाजासरशी मध्यावर परत आली, तर चकती निसटून बसते आहे. एका बाजूला गेली आणि तिथेच राहिली, तर बहुधा त्याच बाजूचा सांधा अडला आहे. डॉक्टर याशिवाय बोटांनी हलका ताण देऊन तोंड आणखी उघडते का पाहतात. ताणाने आणखी काही मिलिमीटर मिळाले तर अडचण स्नायूंची असते, कडक अडथळा लागला तर सांध्याची.

गाल आणि कानशिलाचे स्नायू दाबून पाहणे तर हवेच. गालातल्या चावण्याच्या स्नायूचे दुखणे खालच्या दाढांत उमटते, कानशिलाच्या स्नायूचे वरच्या दातांत. चांगल्या दाढांचे रूट कॅनॉल होते ते इथेच. स्नायू दाबल्यावर रुग्ण ‘हेच ते दुखणे’ म्हणाला तर निदान बरेचसे झाले. तरी शंका राहिली तर संशयित दाढ इंजेक्शनने बधिर करावी. तरी दुखणे तसेच राहिले, तर मूळ त्या दाढेत नाही. ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांच्या एकत्रित एक्स-रेत दात आणि हाडांची ढोबळ कल्पना येते. चकती त्यात दिसत नाही.

आपल्या भागात एक गोष्ट विसरून चालत नाही. मावा, गुटखा, सुपारी खाणाऱ्याचे तोंड हळूहळू, सांधा न दुखता आखडत चालले, तिखट लागले की आग होते, गाल आतून पांढरट आणि दोरीसारखे ताठ लागतात, तर तो सांध्याचा आजार नाही. ती कर्करोगाच्या वाटेवरची अवस्था असू शकते. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी असली तरी असे रुग्ण संपलेले नाहीत. त्याला जबड्याचा व्यायाम देऊन घरी पाठवणे म्हणजे अनर्थ.

आणखी काही दुखणी वेगळी काढावी लागतात. तोंड धुताना, ब्रश लागताच विजेसारखी सेकंदाची कळ आली तर ती चेहऱ्याच्या नसेची. जिना चढताना जबडा भरून येतो आणि थांबल्यावर उतरतो, तर आधी ईसीजी. पन्नाशीनंतर नव्याने कानशील ठणकू लागले, घास चावता चावता जबडा थकतो, फणी फिरवताना डोके दुखते आणि नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी फिजिशियन गाठावा. रक्तवाहिनीच्या या दाहात दृष्टी जाऊ शकते. जखमेनंतर दातखीळ बसू लागली तर धनुर्वात आधी आठवावा. नैराश्यासाठी सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधे चालू असतील तर तेही सांगावे. काहींना त्यांनी दात आवळण्याची सवय लागते. मात्र औषध परस्पर बंद करू नये.

उपचाराचा पाया साधा आहे. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला. दिवसभर जबडा असाच हवा. दात एकमेकांवर टेकायचे ते घास चावताना आणि गिळताना. आठवणीसाठी मोबाइलवर, शिलाई मशीनवर, गाडीच्या आरशावर रंगीत टिकली चिकटवावी. शेक कोरडा नको, गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. दोन आठवडे ऊस, हुरडा, चिक्की, कडक भाकरी बंद. भाकरी आमटीत कुस्करून खावी, पण नुसत्या पेजेवर राहू नये. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. टाळूला जीभ लावून, ती सुटणार नाही इतकेच तोंड उघडायचे, सहा वेळा, दिवसातून सहादा. वेदनाशामक गोळी दुखेल तेव्हा घेण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक वेळेला दहा-चौदा दिवस घेतलेली जास्त उपयोगी पडते. रक्तदाब, मूत्रपिंड, अल्सर किंवा रक्त पातळ करणारे औषध असेल तर दुकानातून परस्पर मुळीच घेऊ नये.

आता दातांवर बसवायच्या, काढता-घालता येणाऱ्या प्लेटबद्दल. जुन्या दुखण्यासाठी २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांत सर्वांत जोरदार शिफारस आहे ती फिजिओथेरपिस्टने हाताने सांधा मोकळा करणे, देखरेखीखालचे व्यायाम आणि वेदनेशी वागायला शिकवणारे समुपदेशन यांची. प्लेट सर्रास देऊ नये असा त्यांचा कल आहे. झोपेत दात खाणाऱ्याच्या दातांचे मात्र ती रक्षण करते. द्यायचीच तर कडक अॅक्रिलिकची, सगळे दात झाकणारी, समोरच्या जबड्याचा प्रत्येक दात सारखा टेकेल अशी घासलेली आणि फक्त रात्री वापरायची. दोन आठवड्यांत पुन्हा तपासावी. फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी प्लेट रात्रंदिवस घातली तर मागच्या दाढा वाढून पुढचे दात मिटेनासे होतात.

दात घासून ‘चावा जुळवणे’, सांध्यासाठी म्हणून सगळ्या तोंडाला कॅप बसवणे, तारा लावणे यांना आमचा स्पष्ट विरोध आहे. दाढा पडल्याने सांधा बिघडतो हे मत १९३४ साली कॉस्टेन या अमेरिकी कानतज्ज्ञाने मांडले आणि ते दंतवैद्यकात मुरले. पुढच्या अभ्यासांत ते टिकले नाही. घासलेले इनॅमल पुन्हा उगवत नाही. पडलेल्या दाढा बसवायच्या तर चावण्यासाठी बसवाव्यात, आणि त्याही दुखणे निवल्यावर. पहिले तीन महिने तरी परत फिरवता येणार नाही असे काहीही करू नये.

आमची विनंती दंत महाविद्यालयांना आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचे, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आणि कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. फिजिओथेरपी शिकवणाऱ्या संस्थाही याच पट्ट्यात आहेत. आठवड्यातला एक वार जबड्याच्या सांध्यासाठी ठरवावा. ओरल मेडिसिनचे डॉक्टर, ओरल सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट यांनी त्या दिवशी एकत्र बसावे, आणि तो वार केस पेपरच्या खिडकीवर मराठीत लिहावा. तोंड किती मिलिमीटर उघडते हा आकडा प्रत्येक वेळी केस पेपरवर तारखेसह नोंदवावा. पुढचा डॉक्टर कोणीही असो, फरक पडतो आहे का हे त्याला त्यावरून कळेल.

आपले,
सांगली-मिरज परिसरातील काही दंतवैद्य व फिजिओथेरपिस्ट