डाऊनच्या क्विल्टला बारीक टीप नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत कॅम्पिंगसाठी डाऊनचं, म्हणजे बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं भरलेलं, क्विल्ट घरी शिवण्याविषयीचा लेख वाचला. शिवणकामाला वर्तमानपत्रात जागा मिळाली याचा आनंद झाला. पण त्यातल्या दोन सूचना वाचल्यावर पत्र लिहिल्याशिवाय राहवेना. नेहमीच्याच सुईने शक्य तितकी बारीक टीप मारावी म्हणजे शिवण पक्की होते, ही एक. कप्पे पाडण्यासाठी वरच्या आणि खालच्या कापडातून आरपार टिपा माराव्यात, ही दुसरी. मी शिवण शिकवते आणि तंबूत पांघरायची हलकी क्विल्टं स्वतः शिवते. या सूचना जशाच्या तशा पाळल्या तर भरलेली पिसं बाहेर येतील आणि पांघरणाऱ्याला थंडी वाजेल.

बारीक टीप पक्की असते, हे सुती कापडाला लागू आहे. सुताचे धागे जाड आणि मऊ असतात, सुई निघून गेली की भोकाभोवती पुन्हा जमून बसतात. क्विल्टसाठी वापरतात ते रिपस्टॉप नायलॉन, म्हणजे फाटत जाऊ नये म्हणून बारीक चौकड्या विणलेलं कापड, वेगळं. त्याचा धागा दहा किंवा वीस डेनिअरचा असतो; डेनिअर हे धाग्याच्या बारीकपणाचं माप. दहा डेनिअर म्हणजे नऊ किलोमीटर लांबीच्या धाग्याचं वजन फक्त दहा ग्रॅम. वीण इतकी घट्ट की पिसाचा तंतूही बाहेर येऊ नये. त्यावर तापलेल्या रुळांखालून कापड दाबून काढलेलं असतं, त्यामुळे एक बाजू चकचकीत होते. (ती बाजू आत, पिसांकडे ठेवायची.) अशा कापडात सुईने केलेलं भोक भोकच राहतं. उसवलं तरी टिपेची रेघ दिसत राहते. नखाने घासल्यावर थोडी मिटते, पूर्ण नाही.

आता हिशेब करून पाहा. क्विल्टची रुंदी १४० सेंटिमीटर धरली आणि टाका दीड मिलिमीटरचा घेतला, तर एका टिपेत नऊशेहून जास्त भोकं पडतात. टाका तीन मिलिमीटरचा घेतला तर साडेचारशेच्या आसपास. जवळजवळ पडलेल्या भोकांमुळे कापड पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखं त्या रेघेवर फाटायला तयार होतं. म्हणजे पक्केपणासाठी मारलेली बारीक टीप शिवण कच्ची करते. अडीच ते तीन मिलिमीटरचा टाका पुरे.

सुईचं महत्त्व तर टाक्याहूनही जास्त. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ९० नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाड, ६० नंबरची ०.६. भोकाच्या क्षेत्रफळाचा विचार केला तर ६० नंबरचं भोक ९० नंबरच्या निम्म्याहूनही लहान. या कामाला ६०/८ किंवा ७०/१० ची मायक्रोटेक्स सुई घ्यावी, टोकदार, आणि कोरी. बोथट झालेली सुई धागा बाजूला सारत नाही, तो ओढते, आणि टिपेच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा उमटतात. त्या दिसल्या की लगेच सुई बदलायची. होजिअरीसाठी मिळते ती गोल टोकाची सुई इथे मुळीच नको. दोरा पॉलिएस्टरचा, बारीक आणि लांब धाग्याचा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो.

शिकायला येणाऱ्यांची सगळ्यात जास्त पंचाईत होते ती टिपेच्या पहिल्या दोन सेंटिमीटरला. कापड इतकं हलकं असतं की सुई खाली जाताना त्यालाही घेऊन जाते, आणि सुईखालच्या धातूच्या पट्टीत झिगझॅगसाठी असलेल्या रुंद खाचेत कोपरा अडकतो. मग खालून ओढायला गेलं की दोरा गुंततो. यावर उपाय साधा आहे. सरळ टिपेची, एकाच गोल भोकाची पट्टी मशीनला लावायची. नसेल तर कापडाखाली पातळ टिश्यू पेपर ठेवायचा आणि शिवून झाल्यावर फाडून काढायचा. सुरुवात करताना वरचा आणि बॉबिनचा, दोन्ही दोरे एका हाताने मागे ताणून धरायचे, दुसऱ्या हाताने कापड पुढून धरायचं, आणि मशीन हळू चालवायचं. ओढायचं नाही, फक्त ताठ ठेवायचं. वरच्या दोऱ्याचा ताणही कमी करावा, नाहीतर चुण्या पडतात. हे सगळं आधी चिंध्यांवर करून पाहावं. मी प्रत्येकाकडून तसंच करून घेते, कितीही घाई असली तरी. आणि टाचण्या शिवणीच्या जागेतच लावाव्यात, मधल्या कापडात नाहीत. चिमटे असतील तर उत्तम.

कडांचे धागे फार सुटतात, म्हणून बाहेरची शिवण फ्रेंच शिवण किंवा रन अँड फेल करावी, दोन्हींत कापडाच्या कडा आत बंद होतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता आरपार टिपांबद्दल. मध्यंतरी एका मुलीने स्वतः शिवलेलं क्विल्ट माझ्याकडे दुरुस्तीला आणलं होतं. मेहनत मन लावून केलेली, टिपा अगदी सरळ. क्विल्ट दिव्यासमोर धरलं तर प्रत्येक टिपेवर उजेडाचे ठिपके ओळीने दिसत होते, आणि ठिकठिकाणी पांढरे तंतू बाहेर आलेले. डाऊनमध्ये थोडी काडीची पिसं मिसळलेली असतातच, त्यांची टोकं भोकांतून डोकावत होती. ती तिने बाहेर ओढून काढली होती. असं पीस मागच्या बाजूने चिमटीत पकडून आत खेचावं. बाहेर ओढलं की भोक मोठं होतं आणि त्यामागून आणखी पिसं येतात. पण गळण्यापेक्षाही मोठी तक्रार तिने सांगितली. रात्री अंगावर थंडीचे पट्टे जाणवायचे, बरोबर टिपांच्या खाली. ते होणारच. ऊब पिसं देत नाहीत, पिसांनी अडवून धरलेली हवा देते. आरपार टिपेपाशी दोन्ही कापडं एकमेकांना चिकटतात, तिथे जाडी शून्य, म्हणून अडवलेली हवाही शून्य. असं क्विल्ट उबदार रात्रींना चालतं, गारठ्यात नाही.

गारठ्यासाठी कप्प्यांच्या मध्ये मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीच्या पट्ट्या उभ्या शिवायच्या. पाच सेंटिमीटर जाडी हवी असेल तर पट्टी सात सेंटिमीटरची कापावी, वर-खाली एकेक सेंटिमीटर शिवणीला. आधी सगळ्या पट्ट्या आतल्या कापडावर शिवून घ्यायच्या, मग एकेक करत बाहेरच्या कापडाला. रिपस्टॉपमधल्या चौकड्यांमुळे सरळ रेघ मिळते, खुणा आतल्या बाजूला कराव्यात. वेळ लागतो, पण वरची टीप आणि खालची टीप कधीच एकत्र येत नाहीत, आणि पिसांना फुगायला जागा राहते. घट्ट विणलेल्या कापडात पिसं भरायची ही गोष्ट जुनी आहे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत गिर्यारोहक जॉर्ज फिंच यांनी आयडर बदकाची पिसं भरलेला कोट वापरला, तो आकाशात उडणाऱ्या मोठ्या फुग्यांसाठी असलेल्या कापडाचा होता. वारा आणि पिसं दोन्ही अडवणारं कापड हवं, हे त्यांनाही कळलं होतं. इतक्या चांगल्या कापडाला आपणच जाड सुईने भोकं पाडावीत, हे मला पटत नाही.

किती पिसं भरायची हे लेखात अंदाजावर सोडलं आहे, तेही मोजता येतं. पिसं किती फुगतात याचं माप म्हणजे फिल पॉवर; ८०० फिल पॉवर म्हणजे एक औंस पिसं ८०० घन इंच जागा व्यापतात, म्हणजे एका ग्रॅमला साधारण ४६० घन सेंटिमीटर. चौदा सेंटिमीटर रुंद, १४० लांब आणि पाच जाड अशा कप्प्याला एकवीस-बावीस ग्रॅम लागतील. मी पंचवीस भरते, म्हणजे पिसं एका टोकाला सरकत नाहीत. प्रत्येक कप्प्याचं वजन बारीक काट्यावर वेगळं करावं. भरण्याचं काम न्हाणीघरात, पंखा बंद करून आणि दार लावून करावं. भिंतींवर थोडं पाणी शिंपडलं की हवा दमट राहते आणि पिसं अंगाला, कपड्यांना चिकटत नाहीत.

माझी विनंती एवढीच की त्या लेखाची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी. सगळं छापायला जागा नसेल तर निदान सुईचा नंबर, टाक्याची लांबी आणि जाळीच्या पट्ट्या या तीन गोष्टी तरी याव्यात. लेख वाचून कुणी कापड आणलंही असेल, आणि ते अजून कापलं नसेल तर वेळ गेलेली नाही.

आपली,
एक शिवणशिक्षिका