कुलूपबंद खोलीचे भाडे आणि विद्यार्थ्यांची सुट्टीतील कमाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पैसे कसे वाचवावेत, यावर दरवर्षी भरपूर उपदेश होतो आणि तो बहुधा चहा, मोबाइलचे रिचार्ज व सिनेमा यांच्यापलीकडे जात नाही. परभणीत वाणिज्य शाखेला शिकवताना मला दिसते ते असे, की आपल्याकडची खेड्यांतून आलेली मुले मुळात उधळी नाहीत. परीक्षा आटोपताच कोणी वसमतच्या बाजारात हळदीच्या काट्यावर पोत्यांची नोंद ठेवतो, कोणी लग्नसराईत वाढप्याचे काम धरतो, तर कोणी वाळूजच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदारामार्फत महिना-दीड महिना लागतो. तरीही जुलैत शुल्क भरताना हात रिकामाच असतो, कारण या कमाईचा मोठा वाटा शहरातल्या कुलूपबंद खोलीच्या भाड्यात गेलेला असतो.

उदाहरणादाखल हिशेब मांडतो. चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीचे भाडे 8,000 रुपये धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला मे व जून मिळून 4,000 रुपये येतात. वाढप्याला एका लग्नाचे 400 ते 500 रुपये मिळतात असे मानले, तर आठ-दहा लग्नांतली उन्हातान्हाची मेहनत केवळ गाद्या, भांडी आणि पुस्तकांच्या खोक्यांना छप्पर देण्यात खर्ची पडते. खोली सोडून द्यावी, तर अनामत परत मिळवताना नाकी नऊ येतात आणि जूनअखेर नवी खोली शोधताना वाढीव भाडे मोजावे लागते.

घरमालकांचीही बाजू आहे. अनेकांचा प्रपंच याच भाड्यावर चालतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार लेखी व नोंदणीकृत करार करून घेण्याची जबाबदारी मालकाची असताना विद्यार्थ्यांच्या खोल्या सर्रास तोंडी बोलीवर दिल्या जातात आणि मग सुट्टीचे भाडे किती, हा प्रश्न मालकाच्या मर्जीवर सुटतो. जुलै ते एप्रिल असा दहा महिन्यांचा करार, किंवा सुट्टीपुरते निम्मे भाडे, असे काही आधीच कागदावर आले तर दोन्ही बाजूंची कटकट वाचेल. महाविद्यालयांना तर याहून सोपा उपाय करता येईल. सुट्टीत वर्गखोल्या रिकाम्याच असतात. त्यांतील दोन-तीन खोल्या नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या लावलेले सामान ठेवण्यासाठी दिल्या, तर फार मोठा खर्च येणार नाही. 'कमवा व शिका' योजनेतील एखाद्या विद्यार्थ्याकडे त्यांची राखण सोपवता येईल.

राहिलेला पैसा कुठे ठेवावा, हेही सांगायला हवे. पोस्टाची आवर्ती ठेव चांगली असली तरी ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, त्यामुळे जुलैच्या शुल्कासाठी ती निरुपयोगी आहे. त्यापेक्षा बँकेत स्वतःच्या नावावर किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते उघडावे आणि मजुरी हाती येताच तिची 45 दिवसांची मुदत ठेव करावी. व्याज नाममात्र मिळेल, पण फोनवरून सहज खर्च होणाऱ्या शिलकीतून ती रक्कम बाजूला निघेल, आणि लाभ खरा तोच. जादा व्याजाच्या मोहाने पतसंस्थेकडे मात्र वळू नये. बँकेतील ठेवीला असलेले पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण पतसंस्थेतील ठेवीला नसते, आणि पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांचे काय हाल होतात हे मराठवाड्याने पुरेपूर पाहिले आहे.

शेवटचा पेपर झाला की मुले त्याच संध्याकाळी एसटीने गावी निघतात. म्हणून सामान ठेवण्याची सोय करायची असेल, तर महाविद्यालयांनी तशी सूचना परीक्षेच्या वेळापत्रकासोबतच फलकावर लावावी, ही विनंती.

– वाणिज्य शाखेतील एक प्राध्यापक, परभणी