रिगचे पाय कशावर उभे राहतात

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की समुद्रात तेलविहीर खोदणारा एवढा मोठा रिग चिखलात उभा राहतो तरी कसा, आणि तळाच्या सर्वेक्षणाची बोट आली की मच्छीमार सोसायटीला जाळी काढायला का सांगतात. हे फोनवर सांगण्याजोगं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. सोसायटीत वाचून दाखवलंत तरी चालेल.

आपल्या किनाऱ्यासमोर साधारण ५०-६० मीटर पाण्यापर्यंत मऊ गाळ आहे. त्यापुढे शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची, चुनखडीची जुनी वाळू लागते, समुद्राची पातळी खूप खाली होती त्या काळातली. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, ७०-८० मीटर पाण्यात आहे. वरून तळ सपाट दिसतो. खरी गोम असते ती खालच्या थरांत.

जॅक-अप रिगला बहुधा तीन पाय असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला दहा ते वीस मीटर व्यासाचं पाऊल, त्याला स्पडकॅन म्हणतात. पाय तळाला टेकले की वरचा तराफा पाण्याच्या जेमतेम वर उचलतात आणि त्याच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात. वादळात पायांवर जेवढा भार येईल तेवढा आधीच देऊन बघायचा. पाय खचायचे तेवढे खचतात, थांबतात. भार काही वेळ तसाच ठेवायचा, मग पाणी सोडून तराफा उंच न्यायचा.

वर कडक थर आणि त्याच्या खाली मऊ माती असली तर घात होतो. कडक थर भार पेलत राहतो आणि अचानक फुटतो. एक पाय क्षणात काही मीटर खाली जातो, बाकीचे दोन जागेवरच. तराफा कलतो, पाय वाकतात. याला पंच-थ्रू म्हणतात. भार देताना तराफा पाण्यालगत ठेवण्याचं कारण हेच. पाय गेलाच तर तराफा पाण्यावर टेकतो आणि फार कलंडत नाही. जागा संशयाची असली तर तिन्ही पायांवर एकदम भार न देता एकेकावर देतात.

हे आधी कळायचं तर थरांची ताकद मोजावी लागते. त्यासाठी पोलादी शंकू असतो, टोक ६० अंशांचं, तळाचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटीमीटर. तो सेकंदाला २ सेंटीमीटर या एकाच वेगाने मातीत दाबत न्यायचा. टोकाला किती विरोध होतो, बाजूला किती घर्षण लागतं आणि मातीतल्या पाण्याचा दाब किती चढतो, हे तिन्ही सतत नोंदलं जातं. वाळूत टोकाचा विरोध झपकन वाढतो. चिकणमातीत तो कमी राहतो, पण पाण्याचा दाब चढतो, कारण पाण्याला पटकन निसटता येत नाही. कडक थर संपून विरोधाची रेषा एकदम पडली, की तिथेच बोट ठेवायचं. या तपासणीचं भोक निदान ३० मीटर खोल, किंवा पाय जिथवर जातील असा अंदाज आहे त्याच्या खाली पावलाच्या दीडपट व्यासाइतकं, यातलं जे जास्त असेल ते. इथे पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आई, तू गॅसचं विचारलं होतंस. गाळात कुजलेल्या वनस्पतींचा मिथेन अडकून राहतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या गाळात तो बऱ्याच ठिकाणी आढळला आहे. तळाखालचे थर आम्ही आवाजाच्या लहरी सोडून पाहतो. त्या लहरी गॅसमध्ये विरतात, त्यामुळे खालच्या थरांचं चित्रच पुसलं जातं. तिथली माती नळीतून डेकवर आणली की दाब सुटून फुगते, भेगा पडतात, आणि प्रयोगशाळेत ती असते त्याहून कमजोर ठरते. म्हणून गॅसच्या जागी मातीची ताकद तळाशीच मोजलेली बरी. शिवाय असा गॅस दाबाखाली असला आणि विहीर खोदताना अवचित सुटला, तर रिगच्या पायाखालची मातीच ढिली पडते. त्याच गॅसवरून साधी पाइपलाइन मात्र अनेकदा निर्धास्त जाते. तिला भीती वाळू वाहून जाण्याची. खालची वाळू गेली की नळ अधांतरी लोंबतो, प्रवाहाने थरथरतो आणि जोड थकतात. एकाच तळावर काय उभं करायचं आहे, त्यावर भीती बदलते.

कायमच्या प्लॅटफॉर्मचे खांब ठोकताना चुनखडीच्या वाळूचे दाणे चुरडतात आणि खांबाला बाजूने धरून ठेवणारी पकडच जाते. ऑस्ट्रेलियात नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मला १९८२ साली खांब ठोकताना ते आपल्या वजनानेच भरभर खाली गेले. अशा ठिकाणी भोक पाडून त्यात खांब सोडतात आणि सिमेंटचं पातळ मिश्रण भरतात. भूकंप, तळाचे कडे घसरणं हेही तपासतात. आपला तळ फार सौम्य उताराचा, म्हणून घसरणीची धास्ती मुख्यतः बाहेरच्या काठावर, जिथे उथळ तळ संपून खोल समुद्र लागतो.

आता जाळ्यांचं. बोट ताशी चार-पाच सागरी मैलांच्या वेगाने शेतातल्या तासांसारख्या समांतर रेषांत जाते. मागे आवाजाचे पडसाद टिपणारी कित्येकशे मीटर लांब केबल असते, पाण्याखाली दोन-तीन मीटरवर, टोकाला दिव्याची बोया. बोटीला पटकन वळता येत नाही. जाळं अडकलं तर जाळं फाटतं, केबल तुटते आणि तेवढ्या रेषा पुन्हा घ्याव्या लागतात. बोया पुढे निघून जाईपर्यंत बोटीच्या मागून आडवं जाऊ नये, एवढं तांडेलांना जरूर सांगा.

आणि बाबा, त्यांच्याकडूनही माहिती हवी आहे. नांगर कुठे धरत नाही, जाळं कुठे खडपात अडकतं, पाण्यात बुडबुडे कुठे येतात, खाडीसमोरची वाळू पावसाळ्यानंतर कुठे सरकते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. किती वाव पाणी आणि किनाऱ्यावरची कोणती खूण, हे लिहून घ्या. जीपीएसचे आकडे मिळाले तर उत्तमच. सर्वेक्षणाचं काम पावसाळा सरल्यावर सुरू होतं, त्याआधी कागद पाठवा, म्हणजे रेषा ठरवतानाच त्या जागा धरता येतील.

तुमची,
वैजू

ता. क. बाबा, बीपीची गोळी रात्रीची सकाळी घेऊ नका.