धुऱ्यावरचा दगड हिशेब करत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात जगातली प्रत्येक वस्तू, अगदी दगडसुद्धा, गणन करते, म्हणजे संगणकासारखा हिशेब करते, असे म्हटले आहे. मी आयुष्यभर गणित शिकवले, आता शेती बघतो. मला हे पटले नाही.

तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९८८ मध्ये असा युक्तिवाद केला होता, हे खरे. दगड क्षणोक्षणी थोडा बदलतो. त्या अवस्थांना हवी ती नावे दिली की कोणताही हिशेब त्यात बसवता येतो. पण तो त्यांनी दगडाची थोरवी सांगायला केला नव्हता. मन म्हणजे एक प्रोग्राम, या मताला त्यांना धक्का द्यायचा होता. दुसरे तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९६ मध्ये उलट विचारले: जे घडले ते जुळले, पण दुसरे काही दिले असते तर उत्तरही नियमाने बदलले असते का? दगडाच्या बाबतीत उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असते, नावे आपण मागून चिकटवतो.

गणनाला चिप लागते असे माझे म्हणणे नाही. अर्थतज्ज्ञ बिल फिलिप्स यांनी १९४९ मध्ये देशाच्या अर्थव्यवस्थेचा हिशेब वाहत्या पाण्यावर करून दाखवला. आमच्या महसूल मंडळातला पर्जन्यमापकही बेरीज करतो. नरसाळ्यातले पाणी जोडबादलीत, म्हणजे दोन कप्प्यांच्या छोट्या झुलत्या बादलीत पडते, ठरावीक भरले की ती कलंडते आणि एक नोंद होते. पाऊस जास्त, तर नोंदी जास्त.

मागच्या पावसाळ्यात त्याच नरसाळ्यात काडीकचरा अडकला. नाल्याचे पाणी सोयाबीनमध्ये शिरले, पऱ्हाटी आडवी झाली, आणि कागदावर पाऊस ६५ मिमीच्या आतच राहिला. म्हणजे अतिवृष्टी नाही! आम्ही विचारायला गेलो तर 'आकडा मशीनचा आहे' एवढेच ऐकवले.

त्या दिवशी निसर्गाचा एकही नियम मोडला नव्हता. पाणी तुंबायचे तिथे तुंबले, बादली कलंडायची तेवढीच कलंडली. तरी हिशेब चुकला, कारण ती बादली पाऊस मोजायला ठेवली होती. दगडाचे असे कधी चुकते का? जे चुकूच शकत नाही त्याला गणन म्हटले, तर तुंबलेल्या यंत्रालाही 'तू चुकलास' म्हणता येणार नाही, आणि आम्हाला तेच म्हणायचे आहे.

लेखकांनी पुढच्या लेखात चुकलेल्या गणनाबद्दलही लिहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ