मोहाच्या रोपवाटिकेसाठी आवाहन

समस्त गावकरी, माहेरवाशिणी, जावईबापू आणि नोकरीपायी नागपूर-पुण्याला गेलेली मंडळी यांना सप्रेम नमस्कार.

टोळी, म्हणजे मोहाच्या झाडाची बी, पडायला लागली आहे, म्हणून घाईत लिहितो आहे. सांभाळून घ्यावे.

आधी ज्यांनी केले त्यांचे नाव निघाले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेने ही मोह रोपवाटिका समिती केली तेव्हा पेटीत रुपया नव्हता. त्या साली मंडईतल्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या, नाटकाच्या पहिल्या रांगेचे सगळे पैसे नाटक मंडळाने आपल्या हातावर ठेवले. थोरल्या पाटलांनी बोडीजवळची (लहान तळ्याजवळची) जागा नुसत्या शब्दावर दिली, भाड्याचा विषय आजवर काढला नाही. बचत गटाच्या बायांनी मोहफुलाचे लाडू विकून पाइप आणला. आणि खालच्या मोहल्ल्यातल्या आजीबाई! मोहाखालचा पाला न जाळता फुले कशी वेचायची, ते त्यांनीच दाखवले. जुनी लुगडी जोडून संध्याकाळीच झाडाखाली अंथरायची. पहाटे टपटप पडणारे फूल लुगड्यावरच पडते, माती लागत नाही आणि व्यापाऱ्याला भाव पाडायला जागा उरत नाही. आज बारा घरे तसे करतात. बाकीची अजून काडीच लावतात, असो.

शिवारात मोह पुष्कळ आहेत, पण मोहाची लेकरे कुठे आहेत? एकदा धुऱ्याधुऱ्याने, शेताच्या बांधाबांधाने, फिरून मोजा. फूल आपण वेचतो, टोळीही वेचतो, त्यातून उगवलेच तर ढोरे खातात, नाहीतर उन्हाळ्याच्या आगीत जाते. उभी आहेत ती आजोबांच्या वेळची झाडे. रोप फुलावर यायला आठ-दहा वर्षे लागतात. 2021 साली सरकारने मोहफुलाच्या साठवणुकीवरची, वाहतुकीवरची बंधने उठवली. झाडच राहिले नाही तर साठवायचे काय?

"दारूसाठी झाडे लावता का?" असे पारावर विचारले गेले. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. मोह चिकूच्या कुळातला. वाळल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर, म्हणून तर त्याची पोळी गुळाविना गोड लागते. टोळीचे तेल थंडीत तुपासारखे थिजते, दिव्याला, साबणाला, फुटल्या टाचांना चालते. पेंड मात्र तशीच ढोरांना घालू नये.

मागच्या वर्षीची चूक लपवत नाही. वर्गणी जमेना, पिशव्या येईनात, तोवर टोळी पोत्यात भरून देवळाच्या ओसरीवर दोन महिने पडून राहिली. सहाशे पिशव्यांत एकतीस कोंब आले. टोळीला धीर नसतो. फळातून काढली की आठवड्याच्या आत, पेरभर खोल, मातीत गेली पाहिजे. मूळ सरळ खाली धावते, म्हणून उंच पिशवी लागते, बुटकीत ते वेटोळे घेते. त्या एकतिसातली नऊ रोपे शेळ्यांनी खाल्ली. फाटक कोणी उघडे टाकले ते गावाला माहीत आहे. बैठकीचा निरोप दोनशे घरी गेला होता, आले सतरा, आणि चहा झाल्यावर उरलो सहा. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

यंदा दोन हजार उंच पिशव्या, काटेरी तार, शेणखताच्या चार बंड्या (बैलगाड्या) पाहिजेत, अंदाजे खर्च अठरा हजार, जमा चार हजार दोनशे. रोख रक्कम किराणा दुकानातल्या पेटीत टाकून पावती घ्यावी, बाहेरगावच्यांनी घरच्यांकडे द्यावी, टोळी एका पायलीपर्यंत ताजीच आणावी, पैसे नसतील त्यांनी येत्या रविवारी सकाळी सातला बोडीवर घमेले घेऊन पिशव्या भरायला यावे, रोपे पुढच्या पावसाळ्यात घरटी पाच मिळतील, खड्डा दोन फुटी आणि अंतर तीस फूट ठेवावे.

आपला,
सचिव, मोह रोपवाटिका समिती

ता. क. समितीची तीन घमेली आणि एक पावडे मागच्या वर्षीपासून कोणाकडे तरी आहे. रात्री गुपचूप आणून ठेवले तरी चालेल, फक्त जाताना फाटक लावावे.