अकरा पेटंट आणि राहून गेलेलं एक नाव

प्रिय चिमणे,

परवा फोनवर तू केवढ्या खुशीत होतीस, पहिल्यांदाच अख्खा सर्किट बोर्ड तुझ्या एकटीच्या हातात दिलाय म्हणून, आणि बोलता बोलता म्हणालीस की टीममध्ये सगळ्यांना सांगून टाकलं, माझ्या बाबाच्या नावावर कनेक्टरची अकरा पेटंट आहेत. मी नुसतं हं हं केलं. मग तू विचारलंस, पण बाबा कनेक्टर तर कॅटलॉगमधून उचलायचा असतो ना, त्यात शोध लावण्यासारखं काय असतं? त्याचंही उत्तर मी नीट दिलं नाही, तेवढ्यात तुला दुसरा कॉल आला. दोन्ही गोष्टी मनात राहिल्यात, म्हणून हे लिहायला बसलोय. लांबेल, पण वाच सगळं.

आधी शोध काय असतो ते. सोल्डर केलेला जोड एकदा केला की झाला, तो कोणी काढणार नसतं. कनेक्टरकडून आपण दोन उलट्या गोष्टी मागतो, लावलास की सोल्डरसारखा घट्ट राहा आणि मी म्हणेन तेव्हा सुटून ये. आणि हे सगळं एका छोट्याशा वाकवलेल्या पत्र्याच्या जोरावर. बोर्डवर बाकी जे काही आहे ते इलेक्ट्रॉनिक्स, पण कनेक्टर म्हणजे खरं तर स्प्रिंग, तिथे मेकॅनिकल डोकं लागतं, आणि म्हणूनच इलेक्ट्रॉनिक्सवाले तो सगळ्यात शेवटी निवडतात आणि फिल्डमधून तक्रारी आल्या की सगळ्यात आधी त्याच्यावर संशय घेतात.

दोन धातू एकमेकांवर दाबले की डोळ्याला ते पूर्ण टेकलेले दिसतात, पण मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पृष्ठभाग खडबडीत डोंगराळ असतो आणि टेकतात ती फक्त काही शिखरं. करंट सगळा त्या चिमुकल्या ठिपक्यांतून जातो. राग्नार होल्म नावाच्या शास्त्रज्ञाने हे गणित मांडलं, रुंद नदी अरुंद खिंडीत शिरावी तसा करंट त्या ठिपक्यात आकसतो आणि त्या आकसण्यालाच रेझिस्टन्स असतो, एका गोल ठिपक्यासाठी तो धातूची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे करंट अडवण्याचा त्या धातूचा मूळ गुण, भागिले ठिपक्याचा व्यास इतका साधा निघतो. मी नोकरीला लागलो तेव्हा हे एक सूत्र समजलं आणि बाकीचं सगळं आपोआप जागेवर बसलं. स्प्रिंगचा जोर कशाला तर ठिपके मोठे आणि जास्त व्हायला. पिन आत जाताना थोडी घासत का जायला हवी, तर वरची घाण आणि ऑक्साइड खरवडून निघायला. सोन्याचं प्लेटिंग कशाला तर सोन्यावर ऑक्साइड धरत नाही. सोन्याखाली निकेल कशाला तर तांबं हळूहळू सोन्यातून वर झिरपतं ते अडवायला. चांगल्या कनेक्टरवर सोनं असतं साधारण 0.76 मायक्रॉन आणि निकेल 1.27, एवढ्याशा थरावर तुझ्या बोर्डाची पुढची दहा वर्षं टिकलेली असतात.

कनेक्टर किती विचार करून बनवतात त्याचं एक उदाहरण तू रोज हातात धरतेस. जुन्या चौकोनी यूएसबी प्लगमध्ये डोकावून बघ, चारपैकी बाहेरच्या दोन पट्ट्या आतल्या दोघींपेक्षा लांब आहेत. लावताना आधी पॉवर आणि ग्राउंड जुळावं, डेटा नंतर, आणि काढताना उलटं. चालू मशीनमध्ये बिनधास्त लावता काढता येतं त्यात त्या मिलिमीटरभराचाही मोठा वाटा आहे. मला हे फार आवडतं, पट्टी थोडी लांब केली आणि काम झालं, वेगळा पार्ट नाही काही नाही.

माझ्या अकरांपैकी बहुतेक असलीच छोटी कामं आहेत. एक लॅचचं, म्हणजे कनेक्टर अडकवून धरणाऱ्या कडीचं, एक उलटा लागू नये म्हणून हाउसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, दिलेल्या कीचं, म्हणजे खाचेत बसणाऱ्या उंचवट्याचं, दोन प्रेसफिट पिनच्या आकारावर, ती सुईच्या नेढ्यासारखी पिन असते बघ, भोकात दाबली की नेढं आकसतं आणि भिंतीला इतकं घट्ट बसतं की सोल्डर लागतच नाही. ही सगळी माझीच आहेत, मला त्यांचा अभिमान आहे आणि तू सांगितलंस तर मला आनंदच आहे. पण सहावं वेगळं आहे, आणि तू टीममध्ये सांगितलंस तेव्हा मला तेच आठवलं.

तेव्हा आम्ही गाडीत बसणाऱ्या एका कंट्रोल युनिटसाठी बोर्ड-टू-बोर्ड कनेक्टर देत होतो. खालचा बोर्ड अॅल्युमिनियमच्या प्लेटला घट्ट चिकटवलेला, वरचा बोर्ड एका टोकाला स्क्रूने धरलेला आणि बाकी कनेक्टरच्या भरवशावर. साठ पिना, टिन प्लेटिंग, कारण सोनं परवडत नव्हतं. वर्षभर सगळं छान आणि मग युनिट परत यायला लागली. गाडी मध्येच गचके खाते अशी तक्रार, आणि आमच्याकडे आलं की टेबलावर एकदम ठणठणीत चालायचं. रिपोर्टवर नो फॉल्ट फाउंड, म्हणजे दोष सापडला नाही, असं लिहायचं आणि परत पाठवायचं, ते दोन महिन्यांनी पुन्हा दारात. आता कळतं की आम्ही पुरावा स्वतःच पुसत होतो, तपासायला म्हणून पहिली गोष्ट काय करायचो तर बोर्ड उघडून परत लावायचो, आणि लावताना पिना घासून साफ व्हायच्या! शिवाय साध्या मीटरचं व्होल्टेज इतकं असायचं की पातळ ऑक्साइडचा पापुद्रा त्यानेच फाटायचा. म्हणून तर कॉन्टॅक्टची टेस्ट 20 मिलिव्होल्टच्या आत करायची असते, पापुद्र्याला धक्का न लावता. हे तू तुझ्या टेस्ट प्लॅनमध्ये आजच लिहून ठेव.

टिनचं असं असतं की धातू मऊ आणि वरचा ऑक्साइड कडक, जसं ओल्या चिखलावर वाळलेली खपली. दाबलं की खपली तडकते आणि मऊ टिन फटींतून वर येऊन दुसऱ्या टिनला भिडतं, म्हणून टिन एरवी चांगलं काम देतं, फक्त प्रत्येक पिनेवर निदान शंभर ग्रॅमचा जोर लागतो. पण ते जागेवर थांबायला हवं. केसाच्या जाडीपेक्षाही कमी, दहा-वीस मायक्रॉन जरी पुढे मागे हललं तरी दर वेळी ताजं टिन उघडं पडतं, त्यावर ऑक्साइड धरतो, तो घासून भुकटी होते, पुन्हा ताजं उघडं पडतं, आणि होता होता तिथे काळा डाग साठतो. याला फ्रेटिंग म्हणतात. आम्हाला हा शब्द माहीत होता बरं का, मीटिंगमध्ये तीनदा येऊन गेला होता, पण आम्ही सगळे इंजिनियर एकाच दिशेने विचार करत होतो, पिन हलते म्हणजे पकड कमी आहे, पकड वाढवा. वाढवली. तर साठ पिनांचा मिळून जोर इतका झाला की असेंब्लीत लावताना बोर्डच वाकायला लागला, आणि तक्रारी दोन महिन्यांऐवजी सहा महिन्यांनी यायला लागल्या एवढाच फरक.

रिपेअर बेंचवर एक ताई होत्या. इंजिनियर नाही, आयटीआय करून आलेल्या, हातात सोल्डरिंग आयर्न आणि डोळ्याला लूप, म्हणजे छोटं भिंग. परत आलेली युनिट आमच्याआधी त्यांच्या हातात जायची. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि एक कागद दाखवला. त्यांनी स्वतःहूनच, कोणी सांगितलं नसताना, चाळीस-एक युनिटच्या कनेक्टरचे चौकोन आखून काळ्या डागाची पिन कुठली ते टिंब देऊन ठेवलं होतं. सगळी टिंबं एका टोकाला, स्क्रूपासून लांबच्या. मी बघतच राहिलो. आणि त्या म्हणाल्या, मला अगदी शब्दन् शब्द आठवतंय, साहेब, पिन सैल नाहीये, तिला ओढतंय काहीतरी. घट्ट धरून काय होणार, जिकडे जायचंय तिकडे जाऊ द्या की तिला, पाय नुसता मोकळा ठेवा.

मी जागेवर जाऊन हिशोब केला. अॅल्युमिनियम एका डिग्रीला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन वाढतं, फायबरग्लासचा वरचा मोकळा बोर्ड साधारण 15. फरक 8. स्क्रूपासून शंभर मिलिमीटरवरची पिन आणि तापमानात साठ डिग्रीचा फरक, म्हणजे जवळजवळ 48 मायक्रॉन, गाडी चालू करा बंद करा, रोज. ही हालचाल कुठल्याही स्प्रिंगने दाबून थांबणारी नव्हतीच, ती कुठेतरी होणारच होती, प्रश्न एवढाच होता की कॉन्टॅक्टवर होऊ द्यायची की दुसरीकडे. आणि दुसरीकडे कुठे, ते ताईंनी सांगून टाकलं होतं, पायात.

मग मी ते केलं. बोर्डाला सोल्डर होणारा पाय आणि वरचा कॉन्टॅक्ट यांच्यामध्ये पत्र्याला नागमोडी वळण दिलं, म्हणजे वरचं तोंड समोरच्या पिनेला धरून तिच्याबरोबर सरकेल आणि वाकणं सगळं त्या वळणात होईल. असे तरंगते कनेक्टर जगात आधीही होते, पण आमच्याएवढ्या कमी उंचीत आणि एकाच पट्टीतून स्टॅम्प होणारं, म्हणजे साच्यात दाबून कापलं जाणारं, वळण नवीन होतं, पेटंट त्याच्यावर मिळालं. सोपं नव्हतं अजिबात. पहिल्या सॅम्पलना वळणावर बारीक चिरा गेल्या, पत्रा रोल होताना धातूला एक दिशा येते आणि आम्ही त्या दिशेला समांतर घडी घालत होतो, पट्टी नव्वद अंशात फिरवून डाय, म्हणजे तो साचा, नव्याने करावी लागली. मग पाय मोकळा सोडला तर व्हायब्रेशन टेबलवर तो स्वतःच थरथरायला लागला, म्हणून हाउसिंगमध्ये दोन्ही बाजूंना भिंती दिल्या, सरकायला जागा ठेवायची पण नाचायला नाही. वळण बारीक केलं की जास्त वाकतं पण गरमही जास्त होतं, जाड केलं की उलट. दीड वर्ष गेलं. तू तेव्हा बालवाडीत होतीस आणि मी घरी येऊन कागदाच्या पट्ट्यांना वळणं देत बसायचो, तुला वाटायचं तुझ्यासाठी साप बनवतोय.

पेटंटचा फॉर्म भरताना इन्व्हेंटर या रकान्यात मी एकट्याचं नाव लिहिलं.

कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. विचारलं होतं फक्त, अजून कोणी आहे का. मी म्हटलं, नाही. माझ्या डोक्यात तेव्हा असं होतं की ड्रॉइंग माझं, गणित माझं, डाय माझी, त्यांनी तर एक वाक्य बोललं. पण क्लेम एक, म्हणजे नवीन काय आहे ते सांगणारा पेटंटमधला पहिला दावा, वाचून बघ, कागदपत्रं कपाटात निळ्या फाइलमध्ये आहेत. भाषा वकिली आहे पण त्यातून ती सगळी भाषा काढलीस तर मागे उरतं ते हेच, घट्ट धरू नका, पाय मोकळा ठेवा. इन्व्हेंटर म्हणून त्याचं नाव यायला हवं ज्याचा क्लेममधल्या कल्पनेत वाटा आहे. ड्रॉइंग कोणी काढलं त्याने ते ठरत नाही. हा नियम मला तेव्हाही माहीत होता.

तुझ्या बेंचवर ऑसिलोस्कोपला तो पिळून लावायचा बीएनसी कनेक्टर आहे ना, त्यातलं बी म्हणजे बायोनेट, ती पिळून अडकवायची पद्धत, एन म्हणजे बेल लॅब्जचे पॉल नील आणि सी म्हणजे अॅम्फेनॉलचे कार्ल कॉन्सेलमन. आणि 1951 मध्ये त्याचं पेटंट मिळालं ते ऑक्टाव्हियो सलाटी यांच्या नावावर, जे त्या तीन अक्षरांत कुठेच नाहीत. निदान पेटंटवर तरी त्यांचं नाव आहे. ताईंचं माझ्या पेटंटवर नाही आणि कनेक्टरच्या पार्ट नंबरमध्येही नाही, तो कागद माझ्याकडे होता तोही एका ऑफिस बदलण्यात हरवला. त्या वर्षी मला त्या पेटंटवरून बढती मिळाली. त्यांनी अभिनंदन केलं माझं, मनापासून केलं, आणि मी थँक यू म्हणून पुढे गेलो.

पेटंटची वीस वर्षं आता संपली, ते वळण आता कोणीही बनवू शकतं आणि बनवतातही, त्यामुळे नाव घालून कोणाला पैसे मिळायचे नाहीत. तरी मी गेल्या आठवड्यात जुन्या लोकांना विचारत विचारत ताईंचा पत्ता मिळवला. त्या रिटायर झाल्यात. फोन केला, ओळखलं त्यांनी लगेच. मी काय झालं ते सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, मला वाटायचं तुम्ही विसरलात. विसरलो नव्हतो गं, विसरलो असतो तर बरं असं म्हणायलाही मला जागा नाही. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे. जुन्या सहकाऱ्यांना एक मेल लिहून ठेवलाय, सगळी हकीकत आहे त्यात, त्या वाचून हो म्हणाल्या की पाठवीन. त्यांचं नाव इथे मुद्दाम लिहिलं नाही, त्यांना विचारून मग तुला सांगेन.

तोवर टीममध्ये सांगशील तर दहा सांग, आणि ते सहावं दोघांचं म्हणून सांग.

आणि तुझ्या बोर्डाचं ड्रॉइंग पाठव. फोनवर तू म्हणालीस की वरचा बोर्ड एकाच बाजूला स्क्रूने धरलाय आणि खाली हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची प्लेट, आहे, ते ऐकूनच माझं लक्ष उडालं होतं. स्क्रूपासून कनेक्टरचं लांबचं टोक किती मिलिमीटरवर येतं ते मोजून कळव, प्लेटिंग टिन आहे की सोनं तेही कळव, आणि एका बाजूला टिन दुसऱ्या बाजूला सोनं असं मात्र अजिबात करू नकोस. तुमच्याकडे रिपेअरला कोण बसतं त्यांनाही विचार, परत आलेल्या बोर्डांवर त्यांना काय काय दिसतं.

तुझा,
बाबा